साडेचार वर्षांच्या मुलीसाठी घर लावताना : नऊ आठवड्यांच्या नोंदी

मुलगी साडेचार वर्षांची, वजन १६ किलो. डोक्यावर पाणी पडलं की किंचाळते, कपड्यांची शिवण टोचते म्हणून अंगावरचं काढून टाकते, मिक्सर लागला की कान दाबून पलंगाखाली जाते. हीच मुलगी सोफ्यावरून दिवसातून वीस-वीस वेळा उड्या मारते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धडकते. या नोंदी घरात काय बनवलं, काय बदललं आणि काय फसलं याच्या आहेत. घरातली मोठी माणसं दोन. रोजचा वेळ साधारण दीड तास, शिवणकामाचे आणि बांधकामाचे दिवस सोडून.

दिवस १

आधी तपासण्या. कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी, दाताची कीड, बद्धकोष्ठता, नजर, रक्तातलं लोह. कानात पाणी साचलेलं मूल आवाजाला विचित्र वागतं, पोट साफ नसलेलं मूल कमरेचं इलॅस्टिक सहन करत नाही. यातलं काही असेल तर त्यावर आधी उपचार, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे बद्धकोष्ठता निघाली. त्यावरचा इलाज पुढे चालूच राहिला.

वही घातली. रकाने पाच : वेळ, आधी काय घडलं, मुलीने काय केलं, शांत व्हायला किती मिनिटं लागली, आदल्या रात्रीची झोप. सुरुवातीचे आकडे : सकाळी कपडे घालायला ३५ मिनिटं, केस धुवायला ४० मिनिटं (दर तीन दिवसांनी), दात घासणं बहुतेक वेळा अर्ध्यावर सुटलेलं, दिवसाला मोठा उद्रेक सरासरी ४ वेळा.

दिवस ६

वहीत पहिली चूक सापडली. ‘आधी काय घडलं’ या रकान्यात आम्ही कारण लिहीत होतो : ‘हट्ट’, ‘दमली होती’, ‘लक्ष वेधायचं होतं’. हे सगळे अंदाज. पाच दिवसांच्या नोंदी त्यामुळे वाया गेल्या. आता फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं : ‘ओला हात मानेला लागला’, ‘खुर्ची फरशीवर घासली’, ‘पाठीमागून कोणी तरी उचललं’.

तेवढ्यानेच चित्र बदललं. हलका आणि न सांगता झालेला स्पर्श तिला सोसत नाही, घट्ट दाब मात्र ती स्वतःहून मागते. एका मुलात टाळणं आणि शोधणं दोन्ही असतं, म्हणून ‘हिला स्पर्श नको’ किंवा ‘हिला स्पर्श हवा’ अशी एकच चिठ्ठी लावून चालत नाही. कोणत्या प्रकारचा स्पर्श, कुठे, कोणाच्या ताब्यात, हे लिहावं लागतं.

दिवस ८

घाई झाली. एकाच दिवशी साबण बदलला, संध्याकाळचे दिवे मंद केले आणि झोपायची वेळ अर्धा तास आधी आणली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाढे पंचावन्न. कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, कळायला मार्गच नाही. तिन्ही बदल मागे घेतले. यापुढे एका वेळी एकच बदल आणि त्याला किमान चार दिवस. या चुकीत पाच दिवस गेले.

दिवस १३ : कपडे

मानेमागची लेबलं कात्रीने कापली होती, आणि तक्रार वाढली होती. भिंग लावून पाहिल्यावर कारण दिसलं. कापल्यावर शिवणीत दोन मिलिमीटरची कडक किनार उरते आणि ती पूर्ण लेबलापेक्षा जास्त टोचते. नायलॉनच्या धाग्याने शिवलेलं असेल तर धाग्याचं टोक आणखी वेगळं टोचतं. उपाय : उसवणीने (शिवण उसवायचं टोकदार हत्यार) लेबलाचे टाके एकेक उसवायचे, लेबल पूर्ण बाहेर काढायचं, शिवण सुटली असेल तर सुती दोऱ्याने बाहेरच्या बाजूने चार टाके घालायचे. एका सदऱ्याला सुमारे दहा मिनिटं लागतात.

मोजे उलटे घातले की बोटांवरची शिवण बाहेर जाते. हा बदल त्याच दिवशी लागू पडला. नवे कपडे घालण्यापूर्वी तीनदा धुतले, सुवासिक द्रव पूर्ण बंद केला. मऊपणासाठी वापरायच्या त्या द्रवाचा वास कपड्यात राहतो, आणि तिची तक्रार ‘टोचतं’ अशी असली तरी कधी कधी त्रास वासाचा होता. उसवून झालेले दोन सदरेही ती काढून टाकत होती, ते बिनवासाच्या साबणात धुतल्यावर अंगावर राहिले.

कमरेला रुंद, सपाट इलॅस्टिक चालतं, दोरीसारखं बारीक चालत नाही. एकदा चालणारा कपडा सापडला की तोच पुढच्या मापाचाही घेऊन ठेवावा. आम्ही तसं केलं नाही आणि नंतर तो मिळाला नाही.

कपड्यांची वेळ ३५ मिनिटांवरून १५ वर आली.

दिवस १६ ते २१ : शांत कोपरा

जागा : कपाट आणि भिंत यांमधली ११० सेंटिमीटर रुंदीची खाच. तीन बाजू बंद, एक उघडी. पडदा जाड सुती, वरून दांडीवर. दांडी मुलीने लोंबकळल्यास निखळेल अशी लावायची, म्हणजे पडदा अंगावर येईल पण गळ्याला अडकणार नाही. दोऱ्या, गोंडे काही नाही. खाली दाट फोमची ५ सेंटिमीटरची गादी आणि दोन उशा.

दिव्यात तीन दिवस गेले. पिवळसर प्रकाशाचा (२७०० केल्विन) एलईडी लावला आणि प्रकाश कमी-जास्त करायला डिमर बसवला. मुलगी आत गेली आणि दोन मिनिटांत डोळे चोळत बाहेर आली. आम्हाला दिवा ठीक दिसत होता. फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून पाहिलं तेव्हा काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे दिवा लुकलुकत होता. साधा एलईडी डिमरवर चालवला की बहुतेक वेळा असंच होतं. डिमरसाठी बनवलेला दिवा लावला तरी अगदी मंद केल्यावर थोडं लुकलुकणं राहिलं. शेवटी डिमर काढून टाकला आणि कमी वॅटचा साधा दिवा भिंतीकडे तोंड करून लावला, म्हणजे प्रकाश परावर्तित होऊन येतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचंही हेच आहे : ५० हर्ट्‌झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. ज्या खोलीत मूल कारण नसताना चिडतं, तिथली ट्यूब आधी पाहावी.

दिवस १९ ला मोठी चूक झाली. मुलीने धाकट्या पाहुण्याला ढकललं, तेव्हा एकाने रागात म्हटलं, ‘जा, कोपऱ्यात जाऊन बस.’ झालं. पुढचे सहा दिवस ती पडद्याकडे फिरकली नाही. चार दिवस खपून केलेली जागा एका वाक्याने शिक्षेची झाली. दुरुस्ती म्हणून तिला तिथे बोलावलंच नाही. रोज संध्याकाळी मोठ्यांपैकी एक जण स्वतः तिथे जाऊन दहा मिनिटं चित्रांचं पुस्तक चाळत बसला. दिवस २५ ला ती आपली उशी घेऊन शेजारी येऊन बसली. घरातल्या प्रत्येकाला नियम सांगितला : या जागेत कोणी तिला पाठवायचं नाही, तिथून कोणी बाहेर ओढायचं नाही, आत असताना प्रश्न विचारायचे नाहीत.

दिवस २४ ते २९ : वजनी मांडीपट्टी

जेवायला किंवा गोष्ट ऐकायला बसताना मांडीवर ठेवायची. वजन मुलाच्या वजनाच्या ५ टक्के धरलं : १६ किलोला ८०० ग्रॅम. आधीच सांगायला हवं : ही पट्टी झोपताना वापरायची नाही, तोंडावर किंवा छातीवर ठेवायची नाही, आणि मुलाला स्वतःच्या हाताने सहज काढता आली पाहिजे. तान्ह्या आणि लहान बाळांसाठी वजनी पांघरूण-पट्टी अजिबात नको. श्वासाचा, हृदयाचा, स्नायूंचा किंवा फिट्‌सचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिवायलाही घेऊ नये. झोप सुधारेल या आशेने पांघरूण शिवायचा विचार होता, तो सोडला. २०१४ मध्ये स्वमग्न मुलांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ६७ मुलांच्या माहितीवरून, वजनी पांघरुणाने झोपेचा वेळ वाढलेला दिसला नाही. मुलांना आणि पालकांना ते आवडलं होतं, एवढंच.

पहिला प्रयत्न : एकच पिशवी, त्यात १ किलो प्लॅस्टिकचे दाणे. मांडीवर ठेवताच सगळे दाणे एका बाजूला गेले आणि पिशवी घसरून खाली. शिवाय प्लॅस्टिकचे दाणे हलके, त्यामुळे उशीएवढा फुगवटा. फेकून दिली.

दुसरा प्रयत्न : काचेचे बारीक मणी (१ मिलिमीटर) आणि कप्पे. यात टाक्याची लांबी साडेतीन मिलिमीटर ठेवली. पांढऱ्या चादरीवर झटकून पाहिली तेव्हा चादरीवर मणी सांडलेले. हा झटकून पाहण्याचा प्रयोग केला नसता तर ते मणी मुलीच्या तोंडात गेले असते. दोन सुयाही मण्यावर आपटून मोडल्या.

तिसरा प्रयत्न टिकला. कृती :

कापड जाड सुती, आधी धुऊन आटवलेलं. ३४ × ५० सेंटिमीटरचे दोन तुकडे बाहेरचे, तेवढेच दोन अस्तराचे. एक बाहेरचा आणि एक अस्तराचा असे जोडून कापड दुहेरी करायचं. सुलट बाजू आत घेऊन दीड सेंटिमीटर सोडून तीन बाजू शिवायच्या. ५० ची एक बाजू तळ धरायची आणि ती शिवायची, तिच्या समोरची वरची बाजू उघडी ठेवायची. सुलट करून तळापासून वरपर्यंत पाच टिपा मारल्या की सहा उभे कप्पे होतात, प्रत्येक साधारण पावणेआठ सेंटिमीटर रुंद. टाका २ मिलिमीटरचा, सुरुवातीला आणि शेवटी उलट टाके घेऊन पक्का.

मग प्रत्येक उभ्या कप्प्यात ३३ ग्रॅम मणी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून शून्य करायचं आणि मोजायचं. अंदाजाने चमचे घातले तर एका कप्प्यात २६ आणि दुसऱ्यात ४० होतात, करून पाहिलं आहे. सगळे मणी तळाशी नेऊन पट्टीने दाबायचे, शिवणाच्या रेषेखाली एक सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून टाचण्या लावायच्या आणि आडवी टीप मारायची. टाचण्या मण्यांना वर येऊ देत नाहीत, त्यामुळे सुई वाचते. यंत्राचं चाक पहिले दोन टाके हातानेच फिरवावं. अशा चार आडव्या रांगा. एकूण २४ कप्पे, ७९२ ग्रॅम. वरची कड आत दुमडून दोनदा शिवायची. भरल्यावर पट्टी आक्रसते, तयार माप सुमारे २९ × ४३ सेंटिमीटर आलं.

मण्यांऐवजी धान्य घालू नये. धुता येत नाही आणि कीड लागते. वरून काढता येणारी खोळ शिवली, म्हणजे आतली पट्टी रोज धुवावी लागत नाही. दर आठवड्याला शिवणी उजेडात धरून पाहायच्या. एखादा टाका सुटलेला दिसला तर दुरुस्त होईपर्यंत पट्टी कपाटात.

वेळ : तिन्ही प्रयत्न मिळून ११ तास, त्यातले पाच वाया. वापर : एका वेळी १५ ते २० मिनिटं, मग काढायची. सतत ठेवली तर अंगाला सवय होते आणि फरक जाणवेनासा होतो. जेवताना खुर्चीवरून उठणं १०-१२ वेळांवरून ४-५ वर आलं. ज्या दिवशी तिने ‘नको’ म्हटलं त्या दिवशी ठेवली नाही.

दिवस ३२ : झोका, जो लावला नाही

दाराच्या चौकटीत दाबाने बसणारा गज आणून कापडी झोका टांगला. मुलीला बसवण्याआधी २० किलोचं वाळूचं पोतं ठेवून झुलवलं. तीस-पस्तीस हेलकाव्यांत गज एका बाजूने दोन सेंटिमीटर सरकला. झुलताना गजावर येणारा जोर नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो, आणि रंगाच्या गुळगुळीत थरावर रबर धरत नाही. काढून टाकला. छतातला हूक लावायचा तर तो काँक्रीटच्या स्लॅबमध्ये, योग्य क्षमतेचा आणि जाणकाराकडूनच बसवून घेतलेला हवा. सजावटीच्या छतात कधीच नाही. आमच्या घरी ते जमणारं नव्हतं.

बदली म्हणून जोर लावायची कामं ठेवली. कपड्यांच्या टोपलीत ३ किलो पुस्तकं घालून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलायची, सहा फेऱ्या. भिंत ‘सरकवायची’, दहा आकडे, पाच वेळा. गादीवर रांगत जायचं. एक लिटर पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात पोचवायची. अवघड कामाच्या दहा मिनिटं आधी हे केलं की पुढचा पाऊण तास बरा जातो, असं वहीत दिसलं. झोपायच्या तोंडावर उड्या ठेवल्या तेव्हा मात्र झोप लांबली. त्या वेळी फक्त ढकलणं आणि रांगणं ठेवलं.

बागेतल्या झोक्यावर : पुढे-मागे संथ हेलकावे शांत करतात, गरगर फिरवणं चेतवतं. चेहरा पांढरा पडणं, घाम, जांभया दिसल्या की थांबायचं. मूल हसत असलं तरी थांबायचं, कारण मळमळ उशिराने येते.

दिवस ३६ ते ५३ : केस धुणं

सगळ्यात जास्त वेळ यात गेला.

शॉवरचे बारीक थेंब म्हणजे शेकडो हलके स्पर्श, तो आधी बंद केला. शाम्पूची कडक गोल टोपी आणली, तिची कड कपाळावर रुतली आणि तिने ती भिरकावून दिली. मग डोकं मागे झुकवून धुवायचा प्रयत्न केला. हा सगळ्यात वाईट ठरला. पाठीमागे झुकताना कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग पडल्याची सूचना देतो, आणि ज्या मुलाला ती सूचना फार मोठी वाटते त्याच्यासाठी हे धुणं नसून पडणंच असतं.

जे जमलं ते असं. न्हाणीघरातला पंखा बंद. बादली आधीच भरून ठेवलेली, म्हणजे नळाचा आवाज नाही. पाणी ३७ अंश, थर्मामीटरने मोजून. मुलगी स्टुलावर ताठ बसलेली, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. पाय लोंबकळत असले की ती कशालाही तयार होत नाही, हे लक्षात यायला दोन धुणी लागली. घडी केलेला टॉवेल तिनेच कपाळावर दाबून धरायचा. वर छताला एक चित्र चिकटवलेलं, त्याकडे पाहिलं की हनुवटी पुरेशी उचलली जाते. शाम्पू आधीच एकास तीन पाण्यात मिसळलेला, म्हणजे लवकर निघतो. चोळणं बोटांच्या टोकांनी नाही, तळव्यांनी आणि दाबून. रुंद तोंडाचं भांडं, अर्ध्या लिटरचं, आणि जाड सलग धार. एका धारेला पाच आकडे मोजायचे आणि पाचला थांबायचं. सहा धारांत, म्हणजे तीन लिटरमध्ये केस स्वच्छ होतात.

भांड्याला दोन कान होते, त्यातला एक तिच्या हातात दिला. दिवस ३९ ला पहिल्यांदा पूर्ण धुणं झालं. तीन म्हणेपर्यंत तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती, चारला तिने भांडं जरा वर ढकललं आणि धार बारीक झाली. ती धार तिने स्वतः बारीक केली हे तिला कळलं. पाचव्या आकड्याला भांडं बाजूला गेलं, आणि तिने टॉवेलआडून एक डोळा उघडून भांडं खरंच बाजूला गेलंय का ते पाहिलं.

दिवस ४२ ला घात झाला. शेवटच्या धारेत फेस थोडा राहिला होता, ओतणाऱ्याने ‘पाच’ म्हटलं आणि ‘झालंच, सहा, सात’ करत ओतत राहिला. मुलगी स्टुलावरून उठली आणि पुढची तीन धुणी झालीच नाहीत. दोन सेकंदांच्या पाण्याने नऊ दिवस गेले. इथे पाणी सोसत नाही हा प्रश्न उरला नव्हता, आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही हा होता.

परत उभारणी : दिवस ४३ ते ४५ कोरडं भांडं बाहुलीच्या डोक्यावर, मोजणारी मुलगी, ओतणारे मोठे. तिने ‘बास’ म्हणून तळवा दाखवला की भांडं लगेच खाली. मुद्दाम दोनला, कधी एकला ‘बास’ म्हणून तिने दहा-बारा वेळा परीक्षा घेतली. घेऊ दिली. दिवस ४६ ला पाणी तिच्या हातावर, ४८ ला खांद्यावर, ५१ ला डोक्यावर फक्त दोन धारा. फेस राहिला तर राहू दिला, ओल्या कापडाने पुसून काढला. ५३ ला सहा धारा, १२ मिनिटं.

‘बास’चा नियम त्या दिवसापासून सगळ्या कामांना लावला : केस, नखं, दात, औषधाचे थेंब. थांबायचं, श्वास घेऊ द्यायचा, मग ‘अजून एक धार राहिली, आत्ता की टॉवेलने पुसून झाल्यावर?’ असं विचारायचं. काम टळत नाही, फक्त वेळ तिच्या हातात जाते.

दिवस ५४ : दात आणि नखं

पुदिन्याची पेस्ट तिला जळजळीत लागते, आणि फेस घशाकडे जातो म्हणून ओकारी येते. बिनचवीची, फेस न होणारी, पण फ्लोराइड असलेली पेस्ट घेतली. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. थरथरणारा विजेचा ब्रश चालेल असं वाटलं होतं, दुसऱ्याच दिवशी परत ठेवला. मऊ, लहान डोक्याचा साधा ब्रश. आधी बाहेरून दोन्ही गाल तळव्यांनी दाबायचे, पाच आकडे. मग तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला आठ आकडे. सुरुवातीला एवढंच, पुढे आकडे वाढवत न्यायचे.

नखं आंघोळीनंतर, मऊ असताना. कापण्याआधी बोटाचं टोक दाबून धरायचं. एका बैठकीत दोन नखं, बाकीची उद्या. नखकापणीचा ‘कट्’ आवाज नको असेल तर कानस.

दिवस ५७ : आवाज

कानावरची आवाजरोधक मफ आणली, लहान मुलांच्या मापाची. पहिली मोठ्यांची होती, ती कानशिलावर आवळत नव्हती आणि बाजूने आवाज येत होता. ठरवून दिलेल्या आवाजापुरतीच लावायची : मिक्सर, ड्रिल, हात वाळवायचं यंत्र. पहिल्या आठवड्यात ती दिवसभर घालून बसली आणि काढल्यावर चमच्याचा आवाजही मोठा वाटू लागला. कान शांततेला सरावले की साधा आवाज आणखी बोचतो. आता आवाज संपला की मफ खुंटीवर.

मिक्सरचं बटण तिच्याच हातात दिलं, भांड्याचं झाकण लावून मोठ्या माणसाने दाबून धरलेलं. स्वतः केलेला आवाज सोसतो, अचानक आलेला नाही. पहिल्या दिवशी ३ सेकंद, चौथ्या दिवशी १०. आता २० सेकंद, मफशिवाय, पण ‘लावू?’ असं विचारूनच.

दिवस ६० : उद्रेक चालू असताना

मागून घातलेली मिठी, समजावणं, ‘माझ्याकडे बघ’, तिन्हीने उद्रेक लांबला. वहीतली मिनिटं सरळ सांगतात : बोलत राहिलो तेव्हा २५ ते ३०, बोलणं थांबवून फक्त दिवा कमी करून हातभर अंतरावर जमिनीवर बसलो तेव्हा १० ते १२. बोलायचंच तर दोन शब्द : ‘आहे इथे.’ मिठी तिने मागितली तरच, समोरून, घट्ट. काय झालं हे विचारणं दुसऱ्या दिवशी, आणि तेही चित्र काढता काढता.

दिवस ६३

कपडे ८ मिनिटं. केस १२ ते १५. दात रोज दोनदा, पूर्ण. उद्रेक दिवसाला एक, कधी एकही नाही. गर्दीच्या ठिकाणांचं मात्र काहीच सुधारलेलं नाही. पंधरा मिनिटांत बाहेर यावं लागतं, मफ असली तरी.

खाण्याचा प्रश्न हातातच घेतला नाही. आवडत्या पदार्थात नवं काही लपवून पाहिलं होतं दिवस ३० च्या सुमारास, आणि तो आवडता पदार्थही सुटला, अजून परत आलेला नाही. चालणारे पदार्थ कमी होत चालले किंवा वजन वाढायचं थांबलं तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञाची) पहिली भेट पुढच्या आठवड्यात. वही सोबत नेणार. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०१२ मध्ये सांगितलं होतं की स्पर्श, दाब, झोका अशा संवेदनांवर आधारलेल्या उपचारांचा पुरावा मर्यादित आहे, म्हणून ठरावीक मुदत आणि मोजता येणारं उद्दिष्ट घेऊन ते करून पाहावेत. आमचं उद्दिष्ट एकच लिहिलं आहे : गर्दीच्या ठिकाणी १५ ऐवजी ३० मिनिटं, तीन महिन्यांत.

शाळेसाठी दुसरी मांडीपट्टी कापून ठेवली आहे. मुलीचं वजन आज १६ किलो ६०० भरलं, म्हणून या वेळी कप्प्याला ३४ ग्रॅम. शाळेतल्या बाईंना द्यायच्या चिठ्ठीत तीनच ओळी : वीस मिनिटांनी काढायची, झोपताना नाही, आणि ती ‘बास’ म्हणाली की लगेच.